कात्री माणसाची, सुई पेशीची

बंगळूर शहराच्या वायव्येस, तुमकूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यालगत पीण्या औद्योगिक क्षेत्र पसरलेले आहे. १९७०च्या दशकात वसलेल्या या क्षेत्राची गणना आशियातील मोठ्या औद्योगिक वसाहतींत होते. यंत्रांचे सुटे भाग, साचे, ओतीव वस्तू, तयार कपडे अशा नाना प्रकारच्या मालाचे कारखाने येथे शेजारी शेजारी उभे आहेत. धातू कापणे आणि जोडणे हा येथील नित्याचा व्यवसाय होय. याच क्षेत्रात धातूऐवजी डीएनएचे धागे कापणारी व जोडणारी द्रव्येही तयार होऊ लागली, ही गोष्ट मात्र फारशी कोणाला ठाऊक नसते.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संशोधन केलेले शास्त्रज्ञ पी. बाबू यांनी १९८९ साली ‘बंगलोर जेनी’ ही कंपनी स्थापन केली. तिचा कारखाना पीण्यात होता. जीवाणूंपासून मिळणारी विकरे शुद्ध करून ती संशोधकांना पुरविणे, तसेच महाविद्यालयांसाठी प्रात्यक्षिकांचे संच तयार करणे, हे तिचे मुख्य काम होते. पुढे २००९ साली जर्मनीतील मर्क या उद्योगसमूहाने ती विकत घेतली. ही विकरे शून्याखाली २० अंश तापमानात जपावी लागतात. परदेशाहून बर्फात बांधून येणारा माल वाटेत रेंगाळला तर त्याची शक्ती ओसरते. म्हणून ती देशातच बनू लागणे हे संशोधकांच्या दृष्टीने मोठ्या सोयीचे होते.

परीक्षानळीतील छेद आणि सांधा

डीएनए हा एकमेकांभोवती पिळलेल्या दोन सूत्रांचा लांब धागा असून त्यावर ए, टी, जी व सी अशा चार रासायनिक अक्षरांत आनुवंशिक मजकूर लिहिलेला असतो. ‘इको-आर-वन’ नावाचे विकर त्यातील जीएएटीटीसी हा सहा अक्षरांचा क्रम शोधून तेथेच धागा कापते. ‘लायगेज’ नावाचे दुसरे विकर तुटलेली टोके पुन्हा सांधते. पहिल्यास कात्री म्हटले तर दुसऱ्यास सुई म्हणता येईल. परीक्षानळीत या दोन्ही वस्तू प्रयोगकर्त्याच्या हाती असतात. कोठे कापावे आणि कोणते टोक कोणास जोडावे, हे बऱ्याच अंशी तोच ठरवितो.

जिवंत वनस्पतीची गोष्ट निराळी आहे. तिच्या पेशीत कात्री पाठविता येते. शिवण्याचे काम मात्र पेशी आपल्याच पद्धतीने करते. आज ज्यास जनुकसंपादन म्हणतात, त्याचे यश व त्याच्या मर्यादा या दोन्ही गोष्टी या एका वस्तुस्थितीतून उद्भवतात.

पेशी आपला धागा कसा सांधते?

सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी, रासायनिक क्रियांनी आणि पेशीविभाजनाच्या वेळी होणाऱ्या चुकांनी डीएनएला सतत इजा होत असते. दोन्ही सूत्रे एकाच ठिकाणी तुटणे ही त्यांतील सर्वांत गंभीर इजा होय. ती सांधली गेली नाही, तर पुढील विभाजनात गुणसूत्राचा तुकडा हरवतो. अमेरिकेतील वनस्पतिशास्त्रज्ञ बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी १९३०च्या दशकात मक्याच्या पेशींचे सूक्ष्मदर्शकाखाली निरीक्षण केले, तेव्हा गुणसूत्रांची तुटलेली टोके एकमेकांस चिकटतात असे त्यांना आढळून आले. पेशीपाशी दुरुस्तीची काही यंत्रणा असली पाहिजे, याचे हे स्पष्ट चिन्ह होते.

ही दुरुस्ती मुख्यतः दोन रीतींनी होते. पहिल्या रीतीत समोर असलेली दोन टोके सरळ जोडली जातात. हे काम झटपट होते; पण सांध्याच्या जागी काही अक्षरे गळतात किंवा जादा पडतात. दुसऱ्या रीतीत पेशी तोच मजकूर असलेला डीएनएचा दुसरा धागा शोधते व त्याच्याबरहुकूम तुटलेली जागा भरून काढते. फाटलेल्या पानावरील ओळी दुसऱ्या प्रतीवरून उतरवून घ्याव्यात तसे हे काम असते. ते अचूक होते. परंतु वनस्पतींच्या शरीरपेशींत ही रीत क्वचितच वापरली जाते.

आपल्या देशातील शेतकऱ्यांनी या दुरुस्तीचा लाभ नकळत घेतलेला आहे. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात भुईमुगाच्या बियांवर क्ष-किरण सोडून ‘टीजी १’ हे मोठ्या दाण्याचे वाण तयार करण्यात आले आणि १९७३ साली ते प्रसारित झाले. किरणांनी जो डीएनए तोडला, तो पेशींनी सांधला. सांधताना झालेल्या बदलांतून उपयोगी तेवढे संशोधकांनी निवडले. परंतु किरण कोठे पडेल हे कोणाच्याच हाती नव्हते. हजारो रोपे लावावी आणि त्यांतून एखादे हेरावे, असा तो मार्ग होता.

नेमका छेद

छेद ठरविलेल्या जागीच घेता आला तर काय होईल? या प्रश्नाचे वनस्पतींतील पहिले महत्त्वाचे उत्तर १९९३ साली मिळाले. होल्गर पुख्टा, बर्नार द्यूजों व बार्बरा होन यांनी यीस्टमधील एक विकर तंबाखूच्या जातीतील वनस्पतीच्या पेशींत वापरले. हे विकर १८ अक्षरांचा क्रम ओळखते. असा क्रम निव्वळ योगायोगाने येण्यास सरासरी सुमारे ६,८७२ कोटी अक्षरे लागतील, आणि तंबाखूच्या संपूर्ण आनुवंशिक मजकुरात तर सुमारे ४५० कोटीच अक्षरे असतात. म्हणून शास्त्रज्ञांनी तो क्रम जेथे मुद्दाम बसविला होता, छेद तेथेच झाला. छेद होताच नमुन्याबरहुकूम होणाऱ्या दुरुस्तीचे प्रमाण वाढले. १९९६ साली पुख्टा यांनी प्रत्यक्ष गुणसूत्रावरही हे दाखवून दिले. तेथे वाढ सुमारे शंभरपट होती. मात्र काही सांध्यांत एक टोक नमुन्याप्रमाणे, तर दुसरे कसेबसे जोडलेले आढळले. कात्री अचूक असली तरी शिवण अचूक होईलच असे नाही, हा धडा तेव्हाच मिळाला.

२०१२ साली क्रिस्पर पद्धती पुढे आली व छेदाची जागा निवडणे सोपे झाले. तीत सुमारे २० अक्षरांचा आरएनए कात्रीला वाट दाखवितो. जागा बदलावयाची तर तो आरएनए बदलला की पुरे. पुख्टा यांच्या कार्लस्रुहे येथील प्रयोगशाळेने हीच कात्री वापरून २०२० साली एका लहान वनस्पतीत दोन गुणसूत्रांचे तुकडे परस्परांत बदलून दाखविले.

भात आणि कायदा

४ मे २०२५ रोजी भारताने जनुकसंपादित भाताची दोन वाणे जाहीर केली. हैदराबादच्या भारतीय भात संशोधन संस्थेने ‘सांबा महसुरी’ या जातीपासून ‘कमला’ हे वाण तयार केले. रोपातील सायटोकायनिन नावाचे संप्रेरक पेशीविभाजनास चालना देते, आणि एक जनुक त्याचा नाश घडवून आणते. संशोधकांनी त्या जनुकात छेद घेतला. पेशीने तो घाईने सांधला, अक्षरे चुकली आणि जनुक निकामी झाले. परिणामी लोंबीत दाण्यांची संख्या वाढली. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे ‘पुसा डीएसटी राइस १’ हे वाणही एक जनुक असेच निकामी करून, अवर्षण व खारी जमीन सोसावी या हेतूने तयार झाले. दोन्ही ठिकाणी पेशीच्या चुकीचाच उपयोग करून घेतलेला आहे.

आपल्या देशाचा नियमही याच भेदावर उभा आहे. ३० मार्च २०२२ च्या केंद्र सरकारच्या निवेदनानुसार, छेद नमुन्याशिवाय सांधला गेला असेल किंवा लहानशा नमुन्यावरून काही अक्षरेच बदलली असतील, आणि अंतिम रोपात परका डीएनए उरला नसेल, तर १९८९ च्या नियमांतील काही कडक तरतुदींतून सूट मिळते. सांध्यात परके जनुक बसविले असल्यास ही सूट नाही. म्हणजे केवळ कात्री कोणती वापरली यावर कायद्याचा निर्णय अवलंबून नाही; धागा कसा सांधला गेला, हे त्याला पाहावे लागते.

म्हणूनच अशा रोपाचा डीएनए अक्षरशः वाचून तपासणे अगत्याचे ठरते. ठरलेल्या जागेसारखीच अक्षरे इतरत्र असतील, तर कात्री तेथेही चालू शकते. आणि ठरलेल्या जागीही सांधा प्रत्येक रोपात वेगळा पडू शकतो. शिवाय जनुक निकामी करून जेवढे साधते, तेवढ्यावर शेतीची गरज भागणार नाही. रोगाचा प्रतिकार करणारा एखादा बदल अक्षर न् अक्षर लिहावयाचा असेल, तर पेशीने दुसरी, अचूक रीत स्वीकारली पाहिजे, आणि वनस्पती ती सहसा स्वीकारीत नाही. तिला त्या रीतीकडे कसे वळवावे, या प्रश्नाचा शोध जगातील अनेक प्रयोगशाळांत चालू आहे. छेद घेण्याची विद्या बरीचशी हस्तगत झाली. सांध्याची विद्या अद्याप वनस्पतीकडूनच शिकावयाची आहे.