मशीनचा प्लग घेताना "सेमच आहे" यावर विश्वास ठेवू नका



१ ऑगस्टला बंदी उठेल. जाळी, दोरखंड, रंगकाम सगळ्यांचं चालू आहे. पण दोन महिने झाकून ठेवलेल्या आऊटबोर्ड मशीनचा प्लग किती जणांनी काढून बघितला?

गेल्या हंगामात आपल्या एका सभासदाची होडी खाडीच्या मुखावर, लाटा फुटतात बरोबर त्याच जागी बंद पडली. होडीत बाप आणि मुलगा. दोरी ओढून ओढून हात सोलले, मशीन काही घेईना. मागच्या होडीने दोर टाकला म्हणून वाचले. नंतर प्लग काढला तर काळाकुट्ट आणि ओला. दुकानदाराने "सेमच आहे" म्हणून दिलेला. आटे बसत होते, पण नंबर दोनने चुकला होता.

म्हणून नंबर कसा वाचायचा ते आधी बघू. समजा एनजीकेच्या प्लगवर बी७एचएस-१० लिहिलंय.

• बी – आट्याचा व्यास, १४ मिलिमीटर.
• ७ – प्लग किती गरम किंवा थंड.
• एच – आट्याची लांबी, १२.७ मिलिमीटर. इथे ई असेल तर १९ मिलिमीटर. आखूडच्या जागी लांब घातला तर पिस्टनला ठोकू शकतो.
• १० – गॅप १ मिलिमीटर.
• बी नंतर आर असेल तर प्लगच्या आत रेझिस्टर आहे. त्यामुळे वायरलेसमध्ये खरखर कमी येते. कंपनीने आरवाला सांगितला असेल तर आरवालाच घाला.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो गरम-थंडचा. प्लगचं टोक साधारण ४५० अंशांच्या वर तापलं की त्यावरची काजळी आपोआप जळून जाते. ८०० च्या वर गेलं तर ठिणगी पडायच्या आधीच पेट्रोल पेट घेतं आणि पिस्टनला भोक पडू शकतं. थंड प्लग उष्णता लवकर सोडतो, गरम प्लग धरून ठेवतो. आपण जाळं टाकताना मशीन तासन्तास हळू चालवतो. तिथे जास्त थंड प्लग घातला की तो तापतच नाही आणि तेलाने काळा होतो. वरच्या होडीचं हेच झालं.

आता खरी गंमत. एनजीकेमध्ये आकडा मोठा म्हणजे प्लग थंड. चॅम्पियन आणि बॉशमध्ये उलटं, आकडा मोठा म्हणजे प्लग गरम. त्यामुळे कंपनी बदलताना आकड्याला आकडा जुळवू नका. मशीनच्या पुस्तकात जो नंबर आहे तोच मागा.

जुना प्लग काढल्यावर त्याचा रंग बघा. फिकट तपकिरी असेल तर सगळं ठीक. काळा-ओला असेल तर तेल जास्त, चोक अडकलेला किंवा प्लग थंड. पांढराफटक, फोड आलेला असेल तर मशीन तापतंय. अशा वेळी नुसता प्लग बदलून होडी काढू नका, पाण्याचा पंप आणि तेलाचं प्रमाण तपासा.

बसवताना मशीन थंड असू दे. नवा प्लग असला तरी फीलर गेजने गॅप बघा, पेटीत आपटून ती बदलते. आधी हाताने शेवटपर्यंत फिरवा, मग पान्याने साधारण अर्धा फेरा. वायसर दबलेला जुना प्लग असेल तर थोडासाच. हेड ॲल्युमिनियमचं आहे, जोर केला की आटे गेलेच.

प्लग नवा घालूनही ठिणगी नसेल तर सगळ्यात आधी लाल दोरीचा स्विच बघा! हसू नका, निम्मे वेळा तेच असतं. मग प्लगची टोपी आणि वायर बघा. खारी हवा लागून आत हिरवा गंज धरतो. त्यानंतर कॉइल. फार जुन्या मशीनमध्ये, तसंच जुन्या पेट्रोल जीप-ट्रकमध्ये सीबी पॉइंट आणि कंडेन्सर असतो. पॉइंट जळून खड्डे पडले असतील तर घासत बसू नका, दोन्ही एकत्र बदला. कंडेन्सर खराब असला की नवे पॉइंटही लवकर जळतात. सीडीआयवाल्या मशीनला पॉइंट नसतात, तो खर्च कोणी सांगितला तर विचारा कशाचा.

डिझेल इंजिनवाल्या ट्रॉलर मालकांनो, तुमच्या इंजिनला प्लगची ठिणगी लागतच नाही, त्यामुळे हे सगळं तुमच्यासाठी नाही.

खरेदी करताना पक्कं बिल घ्या. भाव फारच कमी असेल तर माल नकली समजा. आणि होडीत मशीनला जेवढे प्लग लागतात तेवढे नवे, गॅप तपासलेले, तेलाचा हात फिरवून डब्यात बंद ठेवा. सोबत प्लग-पाना.

नंबर कळत नसेल तर जुना प्लग आणि मशीनचं पुस्तक घेऊन ऑफिसात या, बसून बघू. प्लग काही शेकड्यांचा, पण मुखावर मशीन बंद पडलं की हिशोब पैशात होत नाही.

– आपला सचिव