दस्ता निसटू नये म्हणून

मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि अमरावती त्याच्या फार मागे नसते. हवा कोरडीठाक, तरी हातात अवजार धरून दोन-चार घाव घातले की तळवा ओला होतो. माणसाच्या अंगावर घामाच्या ग्रंथी सर्वांत दाट असतात त्या तळहातावर आणि तळपायावर. पुढे मृग लागला की घामात पावसाचं पाणी आणि काळ्या मातीचा चिखल मिसळतो. अशा हातात चकचकीत लाकूड टिकत नाही. इळा निसटला तर पोटरी जाते, कुऱ्हाड निसटली तर पाय जातो आणि बंदूक ऐन वेळी हातात फिरली तर कोण जखमी होईल ते सांगता येत नाही. म्हणून बंदुकीच्या दस्त्यावर जी बारीक चौकड कोरलेली दिसते, तिला नक्षी समजून सोडून देऊ नये. ती हातासाठी असते.

वऱ्हाडात बंदूक ही फक्त पोलिसांची आणि वनरक्षकांची वस्तू नाही. रानडुकरं आणि रोही यांच्यामुळे तूर-हरभऱ्याचं काय होतं, हे मेळघाटाच्या पायथ्याच्या आणि काटेपूर्णेच्या आसपासच्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. १९५९च्या शस्त्र कायद्याच्या कलम १३मध्ये खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे. बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याची परवानगी मात्र नव्हे. त्यासाठी १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा वेगळा आहे आणि वनखात्याची परवानगी वेगळी. या जुन्या बंदुकांचे दस्ते हाताच्या घासण्याने गुळगुळीत झालेले असतात. त्यावर घरात उरलेल्या व्हार्निशचा थर बसतो आणि बंदूक देखणी दिसते, पण धरायला आणखी वाईट होते.

घरी हात घालण्याआधी एक गोष्ट स्पष्ट असावी. परवान्याच्या बंदुकीची दुरुस्ती हे परवानाधारक कारागिराचं काम आहे. कायद्याचं कलम ५ दुरुस्तीलाही परवाना मागतं, कलम ६ नळी आखूड करण्याला आडवं येतं आणि कलम ८नुसार ओळखक्रमांक खोडणं हा गुन्हा आहे. त्यामुळे ठासणीची किंवा काडतुसाची बंदूक असेल तर दस्त्याचं कामही त्याच कारागिराकडे द्यावं. स्वतः करायचं तर एअर रायफल घ्यावी. २०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणे ०.१७७ इंचापर्यंतच्या छिद्राची आणि २० ज्यूलपर्यंत शक्तीची एअर रायफल परवान्याविना ठेवता येते. आमच्याकडची कॉलेजची पोरं नेमबाजीचा सराव बहुधा तिच्यावरच सुरू करतात. हीच विद्या कुऱ्हाडीच्या दांड्याला आणि इळ्याच्या मुठीलाही लागू पडते, आणि या लेखाचा खरा उपयोग तिथेच जास्त लोकांना होईल.

गुळगुळीत लाकूड का निसटतं? पूर्ण कोरड्या कातडीची पकड तशी बेताचीच असते. थोडा ओलावा आला की कातडी मऊ होते, लाकडाला नीट टेकते आणि पकड वाढते. काम सुरू करताना माणूस तळव्यावर थुंकी लावून हात चोळतो ते याचसाठी. पण घाम वाढत गेला की कातडी आणि लाकूड यांच्यामध्ये पाण्याचा सलग पापुद्रा तयार होतो आणि हात त्या पाण्यावरून सरकू लागतो. पैलवान कुस्ती धरण्याआधी लाल माती हाताला नि अंगाला लावतो, कारण माती हे जादाचं पाणी पिते. लाकडात कोरलेल्या चरांचं काम तेच. घामाला जायला वाट मिळते आणि चरांमधले उंचवटे कोरडे राहून कातडीत रुततात. व्हार्निशचा जाड थर हे चर बुजवून टाकतो. म्हणून पकड लाकडातच कोरावी लागते. वरून फासलेली पकड फार दिवस राहत नाही.

पण सगळीकडे कोरत सुटणं हाही तितकाच मोठा घोटाळा. कुऱ्हाड चालवणाऱ्याकडे नीट बघा. खालचा हात दांड्याच्या टोकाशी घट्ट असतो आणि वरचा हात घाव घालताना पात्याकडून खाली सरकत येतो. दांडा पूर्ण लांबीभर खडबडीत केला तर वरच्या तळव्याला दुपारपर्यंत फोड येतील. कोरायचं ते फक्त शेवटची वीतभर. लाठीचंही असंच. ती हातात फिरली पाहिजे, म्हणून जाणकार तिला तेल पाजून गुळगुळीत ठेवतात.

अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मैदानावर हा भेद डोळ्यांनी पाहता येतो. वैद्य बंधूंनी १९१४मध्ये उभी केलेली ही संस्था. १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिच्या पथकाने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली होती. तिथला मल्लखांब सागाचा किंवा शिसवीचा, आणि त्याला एरंडेल तेल लावलेलं. खेळाडूचं उघडं अंग त्या खांबावर वळतं, घसरतं, पुन्हा अडकतं. खांबावर चौकड कोरली तर मांड्यांची सालं निघतील. एरंडेल घट्ट आणि चिकट असल्याने अंग सरकतंही आणि सुटतही नाही. शेजारी मुदगल फिरवणाऱ्याला मात्र मुठीत चिकटलेलं लाकूड हवं असतं. लाकूड एकच, माणूसही तोच. हाताने थांबायचं की सरकायचं, हे काम ठरवतं.

आणि हातांमध्येही फरक असतो. अमरावतीचं तपोवन ही डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी कुष्ठरोग्यांसाठी उभारलेली वसाहत. १९५९मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. रुग्णाच्या हाताला काम देऊन त्याला स्वतःच्या पायावर उभं करायचं, हा त्यांचा ध्यास होता. या आजारात मज्जातंतू मरतात आणि हाताची संवेदना जाते. वेल्लोरला काम केलेले शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी जगाला पटवून दिलं, की कुष्ठरुग्णांची बोटं मुख्यतः या बधिरपणामुळे झिजतात. दुखतच नाही म्हणून हात अवजार गरजेपेक्षा जोरात आवळतो, आणि फोड आला तरी सोडत नाही. आपल्या हाताला उपयोगी पडणारी टोकदार चौकड अशा हाताला जखम करते. तिथे जाड, गोल, कडा मारलेली, वरून कापडाची किंवा चामड्याची गादी असलेली मूठ हवी. हे आज कुष्ठरोगापुरतं राहिलेलं नाही. मधुमेहाने हात-पाय बधिर झालेले शेतकरी आता गावोगाव दिसतात. त्यांच्यासाठी दांडा बनवणाऱ्याने हा परिच्छेद दोनदा वाचावा, असं मी आग्रहाने म्हणेन.

आता प्रत्यक्ष काम. एअर रायफल रिकामी असल्याची खात्री करा, स्क्रू काढून नळी आणि यंत्रणा दस्त्यापासून वेगळी करा. कोरायच्या जागा दोनच: दस्त्याची बारीक मान, जिथे चाप ओढणारा हात बसतो, आणि पुढचा भाग, जिथे दुसरा हात आधार देतो. गाल टेकतो तिथे आणि खांद्याला लागतो तिथे कानस लावू नका. जुनं व्हार्निश काचकागदाने पूर्ण काढा, लाकूड उघडं दिसलं पाहिजे.

लाकूड ओळखा. जगभर चांगले दस्ते अक्रोडाचे होतात, कारण त्याचे तंतू बारीक आणि घट्ट असतात आणि कोरलेलं टोक तुटत नाही. अशा लाकडावर इंचात २४ रेघाही बसतात. शिसव त्या मानाने चांगली. साग आपल्या मेळघाटाचा अभिमान खरा, पण त्याचे तंतू जाड आणि ठिसूळ, बारीक चौकडीची टोकं उडतात. सागाला आणि स्वस्त रायफलींच्या हलक्या लाकडाला इंचात १६ रेघांच्या वर जाऊ नये. धावडा आणि तिवस ही कुऱ्हाडीच्या दांड्याची लाकडं घाव सोसतात, पण कोरायला फार चिवट.

आधी दोन मुख्य रेघा आखायच्या, एकमेकींना तिरक्या छेदणाऱ्या. त्यांच्यामधला हिरा रुंदीच्या तिप्पट लांब आला तर हाताला आणि डोळ्याला बरा वाटतो. वाकणारी प्लास्टिकची पट्टी दस्त्याच्या गोलाईवर चिकटवून तिच्या कडेने पेन्सिल चालवा. पहिला चर बारीक दात्यांच्या करवतीने, मग तिकोनी कानस. तिकोनी कानशीचा कोन ६० अंशांचा असतो, आणि चौकड कोरायच्या खास हत्याराचा कोनही अनेकदा तेवढाच, म्हणून महागडं हत्यार नसलं तरी अडत नाही. पहिल्याच फेरीत खोल जाऊ नका. एका दिशेच्या सगळ्या रेघा हलक्या, मग दुसऱ्या दिशेच्या, मग पुन्हा पहिल्या. तिसऱ्या फेरीत हिऱ्यांना टोकं येऊ लागतात, तिथे थांबायचं. खरी कसोटी कडेला लागते. कानस सीमारेषेबाहेर घसरली की ती खूण कायमची राहते, म्हणून कडेच्या अलीकडे थांबून उरलेलं कानशीच्या टोकाने हळूहळू करायचं. हात बसेपर्यंत जुन्या खाटेच्या गोल पायावर सराव करावा. त्याची गोलाई दस्त्याच्या मानेसारखीच असते.

सोपी वाटही आहे. टोक गोल केलेल्या खिळ्याने किंवा पंचाने ठरलेल्या जागेत दाट ठोके देत जायचं. रेघ चुकण्याचा प्रश्न नाही, चुकलेला ठोका शेजारच्यात मिसळून जातो. पण ठोका लाकूड कापत नाही, दाबतो. मऊ लाकडात पावसाळ्याच्या ओलीने दबलेले तंतू पुन्हा फुगतात आणि पकड निम्मी होते. हे काम शिसवीसारख्या घट्ट लाकडावरच करावं. ओल्या व्हार्निशवर बारीक वाळू भुरभुरण्याचा उपाय मला पसंत नाही: तळवा सोलतो आणि थर पापुद्र्याने निघतो. सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळणं गावात सर्रास चालतं. रबर धरतं छान, पण खाली पाणी कोंडून लाकूड काळं पडतं. गुंडाळायचंच तर सुती दोरी बरी, आणि ती दरवर्षी बदलावी.

कोरल्यावर लाकूड उघडं ठेवून चालत नाही. त्याला तेल हवं, आणि ते आपल्याच शेतात पिकतं: जवस. ज्या जवसाची चटणी वऱ्हाडात भाकरीसोबत खातात, त्याच्या तेलाचा जवळपास निम्मा भाग लिनोलेनिक आम्ल असतो. ते हवेतला प्राणवायू घेऊन लाकडाच्या आतच घट्ट होतं. शेंगदाण्याचं तेल असं सुकत नाही, सरकीचंही धड सुकत नाही, ती दोन्ही चिकट राहून धूळ धरतात. ब्रिटिश काळापासून .३०३ रायफलींच्या लाकडाला जवसाचंच तेल पाजत आले. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने जवसाचे वाण काढले आहेत, तरी विदर्भातलं या पिकाचं क्षेत्र आटत गेलं, याची मला खंत वाटते. घाण्याचं कच्चं तेल सुकायला बरेच दिवस घेतं. रंगाच्या दुकानातलं बेलतेल, म्हणजे उकळलेलं जवसतेल, लवकर सुकतं, पण त्यात सुकवणारी रसायनं असतात, ते खाण्याच्या तेलाजवळ ठेवू नये.

तेल जुन्या दात घासण्याच्या ब्रशने चरांमध्ये चोळायचं, पंधरा-वीस मिनिटांनी जादाचं तेल कोरड्या फडक्याने आणि ब्रशने काढून टाकायचं. चरात तेल साचून सुकलं तर तेही चर बुजवतं. एक दिवसाआड असे तीन-चार हात द्या. आणि ते फडकं चुकूनही चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसतेल सुकताना उष्णता बाहेर पडते, गोळा झालेल्या फडक्यात ती कोंडते आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. आपल्या उन्हाळ्यात तर धोका दुप्पट. ते अंगणात दोरीवर पसरून पूर्ण वाळू द्यावं, किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात बुडवून मग फेकावं.

पुढे वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, चरांतला घामाचा मळ कोरड्या ब्रशने काढून तेलाचा एक पातळ हात दिला की पुरतो. टोकं बोथट झाली तर काचकागद लावू नका, त्याने उरलेलीही जातील. तिकोनी कानस जुन्याच चरांतून हलकेच एकदा फिरवा.