रक्तदाब आणि प्रगत परिचारिका

उच्च रक्तदाब बहुधा कोणतेही लक्षण दाखवत नाही. म्हणूनच गोळी सुरू करण्याइतकेच ती वर्षानुवर्षे चालू ठेवणे महत्त्वाचे असते. अमेरिकेत हे काम ‘नर्स प्रॅक्टिशनर’, म्हणजे प्रगत शिक्षण घेतलेल्या परिचारिका, मोठ्या प्रमाणावर करतात. लॉरेटा फोर्ड आणि डॉ. हेन्री सिल्व्हर यांनी 1965 मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात असा पहिला अभ्यासक्रम सुरू केला.

या परिचारिका रुग्णाला तपासतात, रक्त-लघवीच्या चाचण्या सांगतात, औषध लिहून देतात आणि मात्रा बदलतात. काही राज्यांत त्या हे स्वतंत्रपणे करतात, तर काही ठिकाणी डॉक्टरांशी करार लागतो.

त्यांचे खरे बळ पाठपुराव्यात आहे. औषध का सुटले? गोळीने पाय सुजल्यामुळे, की पैशांअभावी? हे त्या विचारतात. घरी रक्तदाब कसा मोजावा, हेही शिकवतात: पाच मिनिटे शांत बसा, पाठ टेकवा, पावले जमिनीवर ठेवा, दंड हृदयाच्या पातळीवर असू द्या. अर्धा तास आधी चहा, कॉफी, तंबाखू नको.

आपल्याकडे उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी, ज्यांत परिचारिकाही असतात, तिशीपुढच्यांचा रक्तदाब तपासतात. निदान आणि औषधयोजना वैद्यकीय अधिकारी करतात. पण पुढच्या गोळ्या गावातच मिळू शकतात. लोणचे-पापड कमी करा, दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा आणि बरे वाटले तरी गोळी परस्पर बंद करू नका.