अंश चीनमध्ये, छेद चंद्रपुरात

५४० वॅटचं एक पॅनेल सव्वादोन मीटर लांब आणि २८ किलोच्या आसपास वजनाचं असतं. चंद्रपुरातल्या जुन्या घरांचे जिने अरुंद, त्यामुळे वळणावर ते उभं करूनच फिरवावं लागतं. खालचा माणूस कोपरा मांडीवर तोलतो, वरचा ॲल्युमिनियमची चौकट धरून एकेक पायरी मागे सरकतो. गच्चीवर काँक्रीटच्या ठोकळ्यांवर जीआय पाइपांचं स्ट्रक्चर तयार असतं. अशी सहा पॅनेलं चढली की घरगुती संच पुरा. काम बघताना नजर सारखी ऊर्जानगरच्या चिमण्यांकडे जाते. २९२० मेगावॅटचं ते औष्णिक केंद्र, गावच्या तोंडी नुसतं ‘थर्मल’.

“हे बनवतानाही कुठंतरी धूर होतच असेल ना?” घरमालक काकांनी विचारलं. फिटर पोरांनी एकमेकांकडे पाहिलं.

होतो, आणि जवळजवळ सगळा धूर पॅनेल गच्चीवर येण्याआधीच होऊन गेलेला असतो. गारगोटीचा दगड कोळशासोबत विजेच्या भट्टीत दोन हजार अंशांच्या आसपास तापवला की त्यातला ऑक्सिजन निघतो आणि सिलिकॉन उरतं. ते ९८-९९ टक्के शुद्ध असलं तरी सौर सेलसाठी फारच अशुद्ध ठरतं. मग त्याचा वायू करायचा, तो ऊर्ध्वपातनाने शुद्ध करायचा आणि अकराशे अंशांवर तापत ठेवलेल्या बारीक सळ्यांवर त्यातलं सिलिकॉन थराथराने चढू द्यायचं. हे काम दिवसेंदिवस चालतं आणि वीज खात राहतं. पुढे १४१४ अंशांवर ते पुन्हा वितळवून त्यातून अखंड स्फटिक ओढतात आणि हिऱ्याचे कण बसवलेल्या तारेने त्याच्या चकत्या कापतात. चकती जेमतेम दीडशे मायक्रॉनची. करवतीखाली लाकडाचा भुसा पडावा तसा इतक्या खटाटोपाने शुद्ध केलेल्या सिलिकॉनचा मोठा हिस्सा भुकटी होऊन जातो.

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०२२ च्या अहवालानुसार या उत्पादनाच्या प्रत्येक टप्प्यातला ८० टक्क्यांहून जास्त वाटा चीनचा आहे आणि जगभरात पॅनेलं बनवायला लागणाऱ्या विजेतली ६० टक्क्यांहून जास्त कोळशाची. म्हणजे थर्मलला पर्याय म्हणून येणाऱ्या पॅनेलच्या पोटातही थर्मलच आहे. हे लपवू नये.

पण आकडा पूर्ण वाचावा. खाणीपासून भंगारापर्यंतचं सगळं उत्सर्जन मोजून ते तयार झालेल्या युनिटांनी भागायचं, असा हा हिशेब असतो. आयपीसीसीच्या २०१४ च्या अहवालातले मध्यांक सांगतो : युनिटमागे कोळसा ८२० ग्रॅम, नैसर्गिक वायू ४९०, गच्चीवरचं सौर ४१, जलविद्युत २४, अणुऊर्जा १२, जमिनीवरची पवनऊर्जा ११. सौर या यादीत सगळ्यात स्वच्छ नाही, पण कोळशाच्या विसाव्या हिश्शावर आहे. शिवाय त्यानंतर चकत्या पातळ झाल्या, सेलची कार्यक्षमता वाढली.

काकांच्या गच्चीचं गणित मांडू. वर्षाला चारेक हजार युनिटं धरली तर २५ वर्षांत एक लाख. ४१ ग्रॅमने चार टन कार्बन डायऑक्साइड. आपल्या ग्रिडची वीज युनिटमागे सुमारे ७०० ग्रॅमची, म्हणून हे चार टन दीड वर्षात फिटतात. मात्र तोच संच दहा वर्षांत भंगारात गेला तर चार टन चाळीस हजार युनिटांवरच वाटले जातात आणि ४१ चे शंभर ग्रॅम होतात. कोळशापेक्षा तरीही कितीतरी कमी, पण अडीचपट खराब. अंश कारखान्यात ठरून गेला, छेद अजून या पोरांच्या हातात आहे.

म्हणून “काचेवर पाय नको ठेवू बे!” ही मुकादमाची ओरड मला मोलाची वाटते. पाय पडला तरी काच फुटत नाही, पण खाली सेलला केसाएवढी चीर जाते. ती डोळ्यांना दिसत नाही आणि पुढे वर्षानुवर्षं वीज कमी करते. क्लॅम्प जास्त आवळला तर चौकट वाकते. कनेक्टर नीट दाबला नाही तर तिथे तापतं, आगही लागू शकते. स्ट्रक्चर उंच हवं, कारण सेल २५ अंशांच्या वर गेला की प्रत्येक अंशामागे ०.३ ते ०.४ टक्के वीज घटते, आणि चंद्रपूरचा मे महिना सगळ्यांना ठाऊक आहे. खालून वारा खेळला पाहिजे. कोळशाच्या वाहतुकीची काळी धूळ बसते ती भल्या सकाळी मऊ फडक्याने पुसायची. तापल्या काचेवर गार पाणी मारायचं नाही, हे मुकादमाने काकूंना दोनदा सांगितलं. घरात फडकं त्यांच्याच हाती असतं, हे त्याला माहीत होतं.

अंशाचं काय? पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान घ्यायचं तर डीसीआर पॅनेल लागतं, म्हणजे सेल भारतात बनलेला हवा. चकत्या मात्र बहुतांश चीनमधूनच येतात, आणि इथल्या कारखान्याने ग्रिडचीच वीज वापरली तर तीही कोळशाचीच. नुसता पत्ता बदलून अंश लहान होत नाही, कारखान्याची वीज बदलावी लागते. पॅनेलच्या पाठीवरच्या लेबलात वॅट, व्होल्ट, अँपिअर असतात, कार्बन नसतो. फ्रान्सने मोठ्या सौर प्रकल्पांच्या निविदांत पॅनेलच्या कार्बनचा हिशेब मागायला सुरुवात केली आहे, आणि ज्याचा आकडा कमी त्याला त्याचा फायदा मिळतो. डीसीआरच्या अटीशेजारी आपल्याकडेही ही एक ओळ यायला हवी.