संशयित संधिवात आणि तज्ज्ञाकडची चिठ्ठी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

संधिवात या एका नावाखाली शंभराहून अधिक आजार मोडतात. त्यांपैकी ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे बोलीत ज्याला आमवात म्हणतात त्या आजारात, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते, हे अस्तर सुजते आणि पुढे लगतची कूर्चा व हाड पोखरू लागते. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ मध्ये सुरू झालेल्या पाहणीत ग्रामीण प्रौढांमध्ये या आजाराचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का आढळले. हाडाची झीज बहुधा पहिल्या दोन वर्षांतच सुरू होते आणि एकदा झालेली झीज भरून येत नाही. त्यामुळे लक्षणे दिसल्यापासून ६ आठवड्यांच्या आत संधिवाततज्ज्ञाने रुग्णाला तपासावे आणि ३ महिन्यांच्या आत मूळ आजारावरचे औषध सुरू व्हावे, अशी ‘युलार’ या युरोपीय संघटनेची शिफारस आहे. ही मुदत उलटून जाण्यामागे अनेकदा पुढील गैरसमज असतात.

गैरसमज: संधिवात हा म्हातारपणाचा आजार आहे.

वस्तुस्थिती: वयानुसार होणारी सांध्यांची झीज आणि दाहक संधिवात हे दोन वेगळे विकार आहेत. आमवात तिशी ते पन्नाशीतही सुरू होतो, स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण पुरुषांच्या दुप्पट ते तिप्पट असते, आणि दाहक संधिवाताचे काही प्रकार लहान मुलांनाही होतात. झिजेचे दुखणे हालचालीने वाढते व विश्रांतीने कमी होते; दाहक संधिवातात याच्या उलट घडते, म्हणजे रात्रीच्या विश्रांतीनंतर सांधे आखडतात आणि अर्धा तास किंवा त्याहून अधिक काळ मूठ वळत नाही, कणीक मळता येत नाही की शर्टाची बटणे लागत नाहीत.

गैरसमज: आरए फॅक्टर निगेटिव्ह आला, म्हणजे आमवात नाही.

वस्तुस्थिती: आरए फॅक्टर हे रक्तातील एक प्रतिपिंड असून ते आमवाताच्या सुमारे ७० ते ८० टक्के रुग्णांतच सापडते, उलट क्षयरोग, हिपॅटायटिस सी यांसारख्या आजारांत आणि काही निरोगी वृद्धांतही ते आढळू शकते. अँटी-सीसीपी ही चाचणी अधिक नेमकी असली तरी तीही काही रुग्णांत निगेटिव्ह येते, आणि सुरुवातीच्या काळात एक्स-रे निर्दोष दिसणे स्वाभाविकच असते. म्हणूनच हातापायांचे लहान सांधे किंवा एकाहून अधिक सांधे सुजलेले असतील, तर रक्ताचे अहवाल सामान्य असूनही तातडीने तज्ज्ञाकडे पाठवावे, असे ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. बोटांच्या मुळाशी असलेल्या सांध्यांची रांग दोन्ही कडांनी हलकेच दाबली असता रुग्ण कळवळतो का, ही बिनखर्चाची तपासणी कोणत्याही दवाखान्यात करता येते.

गैरसमज: गोळीने किंवा इंजेक्शनने आराम पडला, तर तज्ज्ञाची गरज नाही.

वस्तुस्थिती: वेदनाशामके दुखणे दडपतात, पण सांध्याची झीज थांबवत नाहीत, निदानापूर्वीच दिलेल्या स्टेरॉइडमुळे सूज तात्पुरती ओसरते आणि तज्ज्ञाला नेमकी खूणच सापडत नाही. आजाराची गती रोखणाऱ्या औषधांपैकी सर्वाधिक वापरले जाणारे मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, चुकून रोज घेतल्यास ते जिवावर बेतू शकते, आणि त्याचा गुण येण्यास ६ ते १२ आठवडे लागतात. त्यामुळे असा उपचार जाणकाराच्या देखरेखीखाली आणि ठरावीक रक्ततपासण्यांसह चालवावा लागतो.

गैरसमज: सांधे दुखतात, म्हणजे हाडांच्या डॉक्टरकडेच जावे.

वस्तुस्थिती: अस्थिरोगतज्ज्ञ हे प्रामुख्याने शल्यचिकित्सक असतात, तर प्रतिकारशक्तीच्या बिघाडातून होणारे सांध्यांचे आजार औषधांनी आटोक्यात आणणे हे संधिवाततज्ज्ञांचे, म्हणजे ऱ्हुमॅटॉलॉजिस्टचे काम असते. हे तज्ज्ञ मुख्यतः मोठ्या शहरांत असल्याने कोणाला आधी पाठवायचे याची निवड गावातील डॉक्टरांनाच करावी लागते.

गैरसमज: चिकुनगुन्यानंतरचे दुखणे आपोआप जाते.

वस्तुस्थिती: २००६ च्या साथीनंतर महाराष्ट्राला हे दुखणे चांगलेच परिचयाचे झाले आहे. बहुतेकांचे दुखणे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरते हे खरे. मात्र तापानंतर ६ आठवडे उलटूनही सांधे सुजलेलेच राहिले, तर ‘चिकुनगुन्याचेच असेल’ असे म्हणून थांबू नये, कारण लक्षणांवरून हा विकार आमवाताहून वेगळा ओळखणे अवघड असते.

तज्ज्ञाकडे देण्याच्या चिठ्ठीत ‘सांधेदुखी’ एवढेच लिहिल्यास रुग्ण सामान्य रांगेत मागे पडतो. सूज कोणत्या सांध्यांना आहे, ती किती आठवड्यांपासून आहे, सकाळचा आखडलेपणा किती वेळ टिकतो आणि स्टेरॉइड दिले आहे का, या चार नोंदी असल्यास तातडी ठरवणे सोपे जाते. एकच सांधा अचानक सुजून लाल व गरम झाला असेल आणि सोबत ताप असेल, तर सांध्यात जंतुसंसर्गाची शक्यता असते. अशा रुग्णाला चिठ्ठी देऊन तारखेची वाट पाहायला न लावता त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे.