करून शिकलेले मोजायचे कसे?

विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित हे विषय एकत्र आणि हाताने करून शिकवण्याच्या पद्धतीला सध्या ‘स्टेम’ शिक्षण म्हणतात. असे उपक्रम आता शहरांपुरते राहिलेले नाहीत. २०१६ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत निवड झालेल्या शाळेला सहावी ते बारावीच्या मुलांसाठी २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. स्वयंसेवी संस्थांच्या फिरत्या प्रयोगशाळा आणि कंपन्यांच्या निधीतून आलेली प्रयोगपेट्या पुरवण्याची कामे वेगळीच. या सगळ्यातून मुले नेमके काय शिकतात, हा प्रश्न मात्र अनेकदा हजेरीपट, छायाचित्रे आणि ‘मुलांना फार आवडले’ या अभिप्रायावर मिटवला जातो. त्याचे खरे उत्तर मिळवायचे तर वर्गात शिकवणारे शिक्षक आणि शिकण्याच्या प्रक्रियेचा अभ्यास करणारे संशोधक यांना एकत्र काम करावे लागते. महाराष्ट्राला अशा कामाचा सुमारे पन्नास वर्षांचा अनुभव आहे.

आवडणे आणि समजणे

एक साधी कृती घ्या. मुलाच्या हातात टॉर्चचा एक सेल, एक छोटा बल्ब आणि एकच वायर द्यायची आणि बल्ब पेटवायला सांगायचे. बरीच मुले वायरचे एक टोक सेलच्या बटणाला आणि दुसरे बल्बच्या बुडाला लावून थांबतात. वीज सेलमधून निघून बल्बपर्यंत पोहोचली की काम झाले, असे त्यांच्या मनात असते. परत येण्याची वाट लागते, हे ध्यानात येत नाही. याच मुलांपैकी कित्येकांनी ‘बंद परिपथ म्हणजे काय?’ या प्रश्नाचे उत्तर वहीत बिनचूक लिहिलेले असते. उलटही घडते. बल्ब झटकन पेटवणाऱ्या मुलीला त्याचे कारण शब्दांत मांडता येत नाही आणि लेखी परीक्षेत तिला शून्य मिळते. म्हणून कृतीवर आधारलेल्या उपक्रमाची परीक्षा केवळ लेखी घेतली तर ती अपुरी पडते, आणि नुसते प्रयोग पाहून समाधान मानले तर तीही अपुरीच. काय मोजायचे हे आधी ठरवणे, हा मूल्यमापनाचा पहिला आणि सर्वांत अवघड टप्पा आहे.

होमी भाभा केंद्राचे काम

मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील काही वैज्ञानिकांनी महापालिकेच्या शाळांमधील विज्ञान शिक्षणात लक्ष घातले. त्यातून १९७४ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र उभे राहिले. भौतिकशास्त्रज्ञ वि. गो. कुलकर्णी त्याचे संस्थापक संचालक होते. जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातल्या ग्रामीण शाळांबरोबरही केंद्राने सुरुवातीच्या काळात काम केले. शाळेत जायचे, शिक्षकांबरोबर पाठ तयार करायचे, ते वर्गात वापरून पाहायचे आणि मुलांना काय जमले व काय जमले नाही याची नोंद ठेवून पाठ बदलायचे, ही या केंद्राची कार्यपद्धती राहिली.

तिच्यातून निघालेला एक निष्कर्ष आजही मोलाचा आहे. विज्ञान कळण्याच्या आड पुष्कळदा विषय येत नाही, पुस्तकाची भाषा येते. पाठ्यपुस्तकातील मजकूर, आशय तोच ठेवून, सोप्या मराठीत लिहून दिला तेव्हा मुलांचे आकलन सुधारल्याचे केंद्रातील अभ्यासात दिसून आले. १९८० पासून केंद्राने महापालिका शाळांतील वंचित समाजातल्या विद्यार्थ्यांसाठी राबवलेल्या उपक्रमातही हाच अनुभव आला. भाषेची अडचण दूर करून, प्रश्न विचारायला मोकळीक देऊन शिकवल्यावर ही मुले शालान्त परीक्षेत पुढे आली. त्यांची बुद्धी आधीपासूनच होती. ती पाहण्याचे साधन सदोष होते.

पुढे याच केंद्रात चित्रा नटराजन, सुग्रा चुनावाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळेत तंत्रज्ञान कसे शिकवावे यावर संशोधन केले. पिशवी, पवनचक्कीची प्रतिकृती आणि बाहुल्यांचा खेळ असे तीन घटक तयार करण्यात आले. ते तीन वेगवेगळ्या ठिकाणच्या मुलांबरोबर राबवले गेले: शहरातली इंग्रजी माध्यमाची शाळा, शहरातली मराठी माध्यमाची शाळा आणि ग्रामीण भागातली मराठी माध्यमाची आदिवासी निवासी शाळा. मुले गटात बसून आधी विचार करत, चित्र काढत, साहित्य ठरवत आणि मग वस्तू बनवत. संशोधकांनी तयार वस्तूबरोबरच मुलांची चित्रे, आपसातले बोलणे, कामाची वाटणी आणि आराखड्यात वाटेत झालेले बदल यांचाही अभ्यास केला. करून शिकलेल्याचा पुरावा बहुतेक वेळा अशा नोंदींतच सापडतो.

पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या विज्ञान आश्रमाने वेगळी वाट धरली. तेथील मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम राज्याच्या माध्यमिक शिक्षण मंडळाने स्वीकारला आहे. त्यात अभियांत्रिकी, ऊर्जा आणि पर्यावरण, शेती आणि पशुपालन, गृह आणि आरोग्य असे विभाग असून मुले गावाला उपयोगी पडणारी कामे करतात. केलेले काम टिकते का आणि त्याचा खर्च मुलाला मांडता येतो का, ही येथे शिकण्याची स्वाभाविक कसोटी ठरते.

फरक उपक्रमामुळेच पडला का?

उपक्रमाआधी आणि नंतर चाचणी घेतली आणि गुण वाढले, एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. वर्षभरात मुले मोठी होतात, नेहमीच्या वर्गातही शिकतात आणि तीच चाचणी दुसऱ्यांदा सोपी जाते. म्हणून उपक्रम न मिळालेल्या, पण बाकी बाबतींत सारख्या मुलांचा गट तुलनेला घ्यावा लागतो. येथे शिक्षकांना एक रास्त शंका येते: अर्ध्या मुलांना चांगल्या गोष्टीपासून दूर का ठेवायचे?

या शंकेला मुंबईतच एक चांगले उत्तर मिळाले. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘प्रथम’ संस्थेच्या ‘बालसखी’ उपक्रमाचे मूल्यमापन महापालिकेच्या शाळांमध्ये केले. यात मागे पडलेल्या मुलांना वस्तीतलीच तरुणी वाचन आणि गणिताचे पायाभूत धडे देत असे. सोडत काढून काही शाळांत बालसखी एका इयत्तेला दिली आणि काही शाळांत वेगळ्या इयत्तेला. कोणतीच शाळा रिकाम्या हाताने राहिली नाही आणि तुलनाही करता आली. मुंबई आणि बडोदे येथील हा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. गुणांत स्पष्ट वाढ झाली होती आणि सर्वाधिक फायदा सर्वांत मागे असलेल्या मुलांना झाला होता. उपक्रम संपल्यानंतर एका वर्षाने मात्र ही वाढ बरीच ओसरलेली आढळली. फायदा टिकतो का, हे पाहण्यासाठी काही महिन्यांनी पुन्हा तपासणी का हवी, ते यावरून कळते. बॅनर्जी आणि डफ्लो यांना मायकेल क्रेमर यांच्यासह २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते अशाच पद्धतीच्या कामासाठी.

चुकीची मोजपट्टी किती महाग पडू शकते, हे शेजारच्या मध्य प्रदेशात दिसले. होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये १६ शाळांपासून सुरू झालेला विज्ञान शिक्षण कार्यक्रम देशात नावाजला गेला. मुले प्रयोग करून निष्कर्ष काढत आणि परीक्षेत पुस्तक जवळ ठेवण्याची मुभा असे. २००२ मध्ये सरकारने तो बंद केला. त्या वेळच्या वादात जिल्ह्याच्या दहावीच्या निकालांचा दाखला दिला गेला. सहावी ते आठवीच्या मुलांना प्रयोगातून विचार करायला शिकवणाऱ्या कार्यक्रमाला दहावीच्या पाठांतरप्रधान परीक्षेच्या तराजूत तोलणे न्याय्य नव्हते.

कामाची वाटणी

भागीदारीत संशोधकाने चाचणीची रचना, नमुन्याची निवड आणि आकडेमोड पाहावी. कोणता प्रश्न मुलांना मुळात कळणारच नाही, कोणत्या महिन्यात शाळा परीक्षांत अडकलेली असते, कोणते मूल का गैरहजर राहते, हे शिक्षकाइतके कोणालाच ठाऊक नसते. प्रयोगाला गुण देण्याचे निकष दोघांनी मिळून ठरवावेत. तेच काम दोन परीक्षकांनी स्वतंत्रपणे तपासून त्यांचे गुण जुळतात का, हेही पाहावे. मुलांच्या नोंदी गोपनीय राहाव्यात, पालकांची संमती घ्यावी आणि निष्कर्ष सर्वांत आधी शिक्षकांना कळावेत. मूल्यमापन म्हणजे आपली तपासणी, अशी भीती शिक्षकाला वाटली तर तो वर्गातल्या अडचणी झाकून ठेवतो आणि ज्यासाठी सारा खटाटोप केला तेच हाती लागत नाही.

भिवंडीत करायचे तर

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी हे यंत्रमागांचे शहर. उदाहरणादाखल, असे मूल्यमापन येथे करायचे तर वरच्या प्रत्येक धड्याची गरज पडेल. शहरात मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू अशा अनेक भाषा बोलणारी कुटुंबे राहतात. त्यामुळे चाचणीचा शब्दशः अनुवाद पुरणार नाही. प्रत्येक माध्यमाच्या शिक्षकाने प्रश्न आपल्या मुलांना वाचून दाखवून तो सारखाच कठीण आहे ना, हे आधी पाहायला हवे. येथील कामगार कुटुंबांपैकी कित्येक उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेली आहेत. वर्षाच्या मध्येच गावी गेलेली मुले शेवटच्या चाचणीला नसतात. फक्त उरलेल्यांचे गुण जमेस धरले तर निकाल खऱ्यापेक्षा चांगला दिसतो. म्हणून कोण गेले आणि ते सुरुवातीला कुठे होते, याचीही नोंद हवी.

साहित्य मात्र या शहरात पावलोपावली आहे. मोटरच्या फिरण्याचे धोट्याच्या ये-जा करण्यात रूपांतर कसे होते, ताण वाढला की ताण्याचा धागा का तुटतो, एका इंचात किती धागे बसतात, एका पाळीत किती मीटर कापड निघते, या प्रश्नांत यंत्रशास्त्र आहे, पदार्थविज्ञान आहे आणि गणितही आहे. मागाच्या आवाजात वाढलेल्या मुलांना यातले पुष्कळ काही आधीच ठाऊक असते. चांगल्या मूल्यमापनाने या ज्ञानाचीही दखल घेतली पाहिजे.

शाळेला प्रयोगपेट्या देणाऱ्या प्रत्येक संस्थेने, कंपनीने आणि सरकारी योजनेने निधीचा एक हिस्सा पहिल्या दिवसापासून मूल्यमापनासाठी राखून ठेवावा आणि त्याच्या आखणीत त्या शाळेतल्या शिक्षकांना बरोबरीचे स्थान द्यावे. उपक्रम फसला असेल तर तेही मोकळेपणाने जाहीर करावे, म्हणजे पुढच्या शाळेतल्या मुलांचे वर्ष वाया जाणार नाही.