आंतरराष्ट्रीय व्यवसायाची तत्त्वे

आंतरराष्ट्रीय व्यवसायाची तत्त्वे हा वाणिज्य व व्यवस्थापन या विद्याशाखांमध्ये विद्यापीठीय स्तरावर शिकविला जाणारा अभ्यासविषय आहे. दोन वा अधिक देशांमध्ये होणारी वस्तू, सेवा, भांडवल व तंत्रज्ञान यांची देवाणघेवाण कोणत्या कारणांनी घडते, कोणत्या नियमांनी चालते आणि तिच्यात कोणत्या जोखमी असतात, याचा विचार या विषयात केला जातो. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील पालघर जिल्ह्यातील, विशेषतः बोईसर-तारापूर परिसरातील उदाहरणांच्या आधारे या तत्त्वांचे विवेचन केले आहे.

व्याप्ती

आंतरराष्ट्रीय व्यापार आणि आंतरराष्ट्रीय व्यवसाय या संज्ञा समानार्थी नाहीत. व्यापारात मुख्यतः आयात-निर्यातीचा समावेश होतो. व्यवसाय ही त्याहून व्यापक संकल्पना असून परवाना देणे, संयुक्त उपक्रम, थेट परकीय गुंतवणूक, प्रकल्प उभारणीचे करार व बहुराष्ट्रीय कंपन्यांचे व्यवस्थापन हे सर्व तिच्यात येते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. मात्र या किनाऱ्यावरील परदेशी व्यापार प्राचीन आहे. वसई तालुक्यातील सोपारा, म्हणजेच प्राचीन शूर्पारक, हे पश्चिम किनाऱ्यावरील महत्त्वाचे बंदर होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात त्याचा उल्लेख आढळतो. सम्राट अशोकाच्या शिलालेखांचे अवशेषही तेथे मिळाले आहेत.

तौलनिक लाभ

ॲडम स्मिथ याने १७७६ मध्ये निरपेक्ष लाभाचा विचार मांडला. जो देश एखादी वस्तू कमी खर्चात तयार करतो, त्याने ती निर्यात करावी, असे त्याचे प्रतिपादन होते. डेव्हिड रिकार्डो याने १८१७ मध्ये त्यापुढे जाऊन तौलनिक लाभाचा सिद्धान्त मांडला. एक देश सर्वच वस्तूंच्या उत्पादनात वरचढ असला, तरीही व्यापार दोघांच्या हिताचा ठरू शकतो, असे हा सिद्धान्त सांगतो.

काल्पनिक उदाहरण घेऊ. ‘अ’ देशातील कामगार एका दिवसात १० मीटर कापड किंवा १० किलो रसायन तयार करतो. ‘ब’ देशातील कामगार ६ मीटर कापड किंवा २ किलो रसायन तयार करतो. दोन्ही वस्तूंत ‘अ’ पुढे आहे. परंतु १ किलो रसायनासाठी ‘अ’ला १ मीटर कापडावर, तर ‘ब’ला ३ मीटर कापडावर पाणी सोडावे लागते. म्हणून ‘अ’ने रसायन व ‘ब’ने कापड तयार करून १ किलोस २ मीटर या दराने विनिमय केल्यास दोघांचाही फायदा होतो. वाहतूक खर्च, आयात शुल्क व विनिमय दर यांमुळे प्रत्यक्षात हा हिशेब बदलतो.

करार, वाहतूक आणि देयक

तारापूर औद्योगिक क्षेत्रात रसायने, औषधे, वस्त्रे व पोलाद यांचे कारखाने आहेत. अशा ठिकाणचा माल परदेशी जाताना खर्च व जोखीम विक्रेत्याकडून खरेदीदाराकडे नेमकी कोठे जाते, हे आधी ठरवावे लागते. त्यासाठी आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाने १९३६ मध्ये ‘इन्कोटर्म्स’ ही प्रमाण नियमावली तयार केली. तिच्या २०२० च्या आवृत्तीत ११ अटी आहेत. ‘एफओबी न्हावाशेवा’ या अटीनुसार माल न्हावाशेवा बंदरात जहाजावर चढेपर्यंतची जोखीम विक्रेत्याची असते. कंटेनरमधील माल जहाजावर चढण्यापूर्वीच वाहतूकदाराच्या ताब्यात जात असल्याने त्यासाठी ‘एफसीए’ ही अट अधिक योग्य मानली जाते.

अनोळखी खरेदीदाराकडून पैसे मिळण्याची हमी म्हणून पतपत्राचा उपयोग होतो. यात बँक प्रत्यक्ष माल नव्हे, तर केवळ कागदपत्रे तपासते. त्यामुळे माल निर्दोष असूनही कागदपत्रांतील विसंगतीमुळे देयक अडू शकते.

आयात करणाऱ्या देशाचे नियमही कारखान्यापर्यंत पोहोचतात. अमेरिकेत औषधे विकायची असल्यास, कारखाना कोठेही असला तरी, त्या देशाच्या अन्न व औषध प्रशासनाचे निकष पाळावे लागतात.

राजकीय जोखीम : तारापूरचे उदाहरण

शासकीय धोरणातील बदलामुळे करार धोक्यात येणे, यास राजकीय जोखीम म्हणतात. तारापूर अणुवीज केंद्र हे त्याचे बोलके उदाहरण होय. भारत व अमेरिका यांच्यात १९६३ मध्ये ३० वर्षांचा सहकार्य करार झाला. त्यानुसार जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीने दोन अणुभट्ट्या उभारून दिल्या व १९६९ मध्ये केंद्र कार्यान्वित झाले. या भट्ट्यांना लागणारे समृद्ध युरेनियम अमेरिकेने पुरवायचे होते.

भारताने १९७४ मध्ये पोखरण येथे अणुचाचणी केली. अमेरिकेने १९७८ मध्ये कायदा करून इंधन निर्यातीच्या अटी कडक केल्या आणि पुरवठा अडचणीत आला. अखेर १९८२ मध्ये फ्रान्सने ही जबाबदारी स्वीकारली; पुढे चीन व रशिया यांच्याकडूनही इंधन मिळाले. याच केंद्रातील ३ व ४ क्रमांकांच्या अणुभट्ट्या मात्र स्वदेशी रचनेच्या असून त्यांत नैसर्गिक युरेनियम वापरले जाते. एकाच पुरवठादारावर विसंबण्याचा धोका, पर्यायी स्रोतांची गरज आणि तांत्रिक स्वावलंबनाचे मूल्य ही तिन्ही सूत्रे या इतिहासातून स्पष्ट होतात.

भौगोलिक मानांकन

चिकू मूळचा मध्य अमेरिका व मेक्सिकोचा असला, तरी ‘डहाणू घोलवड चिकू’ला भारतात भौगोलिक मानांकन लाभले आहे. घोलवड परिसरातील कॅल्शियमयुक्त मातीमुळे या फळास विशिष्ट गोडी येते, असे मानले जाते. २०२१ मध्ये हा मानांकित चिकू ब्रिटनला निर्यात झाला. भारतातील नोंदणीचे संरक्षण मात्र भारतापुरतेच असते. अन्य देशांत तेथील कायद्यानुसार स्वतंत्र संरक्षण मिळवावे लागते.

सामाजिक व पर्यावरणीय परिणाम

व्यापाराचे लाभ आणि त्याची किंमत नेहमी एकाच समूहाच्या वाट्याला येत नाहीत. निर्यातीचे उत्पन्न उद्योगाला मिळते, तर सांडपाण्याच्या प्रदूषणाचा फटका शेतकरी व मच्छीमार यांना बसू शकतो. तारापूर औद्योगिक क्षेत्रातील प्रदूषणाचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापुढेही गेला होता. डहाणूजवळील प्रस्तावित वाढवण बंदरास केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली व ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. मोठ्या जहाजांची सोय व रोजगार हे समर्थकांचे मुद्दे आहेत. मासेमारी व किनाऱ्याचे पर्यावरण धोक्यात येईल, असे विरोध करणाऱ्या स्थानिकांचे म्हणणे आहे. व्यवसायाचे मूल्यमापन करताना दोन्ही बाजू मांडणे अभ्यासकाकडून अपेक्षित असते.

विद्यापीठीय अभ्यास

१८५७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाशी पालघर येथील सोनोपंत दांडेकर महाविद्यालय संलग्न असून तेथे वाणिज्य शाखा आहे. देशपातळीवर दिल्ली येथील भारतीय विदेश व्यापार संस्था (स्थापना १९६३) या विषयाच्या शिक्षणासाठी ओळखली जाते. भारतीय संदर्भात १९९२ चा विदेश व्यापार (विकास व नियमन) कायदा, १९९९ चा विदेशी चलन व्यवस्थापन कायदा आणि १९९५ पासून कार्यरत असलेली जागतिक व्यापार संघटना यांचा परिचय आवश्यक ठरतो. सिद्धान्तांच्या जोडीला आयात-निर्यात संकेतांक, वस्तूंचे वर्गीकरण क्रमांक, बीजक व विमापत्र अशी प्रत्यक्ष कागदपत्रे हाताळल्यास विषयाचे आकलन सुलभ होते.

हेही पहा

तारापूर अणुऊर्जा प्रकल्प
जागतिक व्यापार संघटना
भौगोलिक मानांकन
सोपारा